यादीतलं आपलं नाव

गटाच्या बैठकीत बचत, व्याज, कर्जफेड हे आपले नेहमीचे विषय. आज आम्ही जरा वेगळा हिशेब मांडणार आहोत. देशाच्या निवडणुकीत आपण बायका कुठून निघालो आणि कुठे पोचलो, त्याचा. मत कुणाला द्यायचं हे आम्ही सांगणार नाही. ते जिचं तिनं ठरवायचं.

इंग्रजांच्या काळी मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्याकडे मालमत्ता, जो कर भरतो किंवा जो शिकलेला, त्यालाच ते मिळायचं. 1935 च्या कायद्यानं काही बायकांनाही मत दिलं, पण त्यातल्या अनेकींना ते नवऱ्याच्या मालमत्तेमुळे मिळालं. म्हणजे मत बाईचं, पण आधार नवऱ्याच्या जमिनीचा. रोवणीला जाणाऱ्या, मोहफूल वेचणाऱ्या बाईला त्यात जागाच नव्हती. 1950 साली राज्यघटना लागू झाली आणि ही अट गेली. जमीन असो नसो, शाळा पाहिलेली असो नसो, 21 वर्षांच्या प्रत्येक माणसाला एक मत मिळालं. पुढे 1989 मध्ये हे वय 18 झालं.

पहिली लोकसभा निवडणूक 1951-52 मध्ये झाली. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि गडचिरोली त्याच जिल्ह्याचा भाग होती. देशभर माणसं घरोघरी जाऊन मतदारांची नावं लिहीत होती. पण पुष्कळ बायांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, असं चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव हवं. नावं दुरुस्त करायला वेळ दिला गेला. तरीही सुमारे 8 कोटी बायांपैकी जवळपास 28 लाख जणींना यादीबाहेर राहावं लागलं. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातल्या होत्या.

आपल्याला हे फार लांबचं वाटायला नको. नवऱ्याचं नाव आपण उखाण्यात घेतो, आणि आपलं स्वतःचं नाव कितीदा घेतलं जातं? लग्नात नाव बदलतं, मग पोराच्या नावानं हाक मारली जाते. गटाच्या रजिस्टरवर सही करताना कित्येक जणींना आपलं पूर्ण नाव पुन्हा गिरवावं लागतं.

त्या काळी शंभरातल्या नऊ बायासुद्धा लिहू-वाचू शकत नव्हत्या. म्हणून पक्षांना चिन्हं दिली. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं वडाचं झाड, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, जनसंघाचा दिवा. सगळी शेताघरातली, पाहताच ओळखू येणारी. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर चिन्ह असायचं आणि चिठ्ठी त्या पेटीत टाकायची. नंतर शिक्का आला, मग मशीन आलं. चिन्हंही बदलली. बैलजोडीच्या जागी गाय-वासरू आणि पुढे हात आला, जनसंघाचा दिवा गेला आणि 1980 मध्ये भाजपचं कमळ आलं.

आपल्या भागानं कोणत्याच पक्षाला जागा कायमची आंदण दिलेली नाही. 1952 मध्ये चांद्यातून काँग्रेस जिंकली. 1962 मध्ये लोकांनी अपक्ष गोंड नेते लाल श्याम शाह यांना दिल्लीला पाठवलं. 1977 मध्ये काँग्रेसविरोधी लाटेत अहेरीचे राजे विश्वेश्वरराव निवडून आले. नंतर शांताराम पोटदुखे चार वेळा काँग्रेसकडून, हंसराज अहीर चार वेळा भाजपकडून. 2019 मध्ये काँग्रेसनं अख्ख्या महाराष्ट्रात एकच जागा जिंकली, ती चंद्रपूरची. देणाऱ्यानं दिलं, देणाऱ्यानं काढून घेतलं. देणाऱ्यांत निम्म्या आपण.

मग निवडून येणाऱ्यांत आपण किती? लाल श्याम शाहांनी राजीनामा दिल्यावर 1964 मध्ये पोटनिवडणूक झाली आणि ताई कन्नमवार खासदार झाल्या. त्या मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांच्या पत्नी, वर्षभरापूर्वीच विधवा झालेल्या. त्यानंतर चंद्रपूरहून बाई लोकसभेत जायला 2024 उजाडलं. त्या प्रतिभा धानोरकर. त्या आधी वरोऱ्याच्या आमदार होत्या, आणि त्यांचे पती खासदार असतानाच 2023 मध्ये वारले होते. दोघींमध्ये साठ वर्षांचं अंतर. गडचिरोली-चिमूर हा मतदारसंघ 2009 पासून आहे, तिथून अजून एकही बाई गेलेली नाही. 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या 48 खासदारांत बाया सात.

मतदानात मात्र आपण मागे नाही. 19 एप्रिल 2024 ला आरमोरी, गडचिरोली, अहेरीकडे सुरक्षेसाठी मतदान दुपारी 3 वाजताच बंद होणार होतं. तरी गडचिरोली-चिमूरमध्ये शंभरातल्या सुमारे 72 मतदारांनी मत दिलं. पहिल्या टप्प्यात मतदान झालेल्या राज्यातल्या पाचही जागांत हे सर्वात जास्त.

ग्रामपंचायतीत आपल्याला निम्म्या जागा आहेत आणि गटातल्या कितीतरी जणी सरपंच झाल्या. लोकसभा-विधानसभेत तिसरा हिस्सा देणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर 2023 मध्ये झाली. पण त्या कायद्यानं अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी जोडली आहे. त्या जागा येतील तेव्हा पक्ष उमेदवार शोधत येतील. घराण्याचं नाव नसलेली, पण दहा बाया सोबत चालणारी बाई तेव्हा त्यांना दिसली पाहिजे.

तोवर हातातलं काम करू. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपलं नाव मतदारयादीत पाहावं. नव्या सुना आणि अठरा पूर्ण झालेल्या पोरी विसरू नका. नाव नसेल तर नमुना 6, चुकलं असेल किंवा माहेरहून सासरी आणायचं असेल तर नमुना 8 भरायचा. आपल्या बूथचे बीएलओ तो घेतात. आधारवर माहेरचं आणि यादीत सासरचं नाव असेल, तर मतदानाच्या दिवसाची वाट पाहू नका.

1952 मध्ये 28 लाख जणींची जागा रिकामी राहिली. आपल्या गटातली एकही राहायला नको.