स्वमग्नता आणि चुंबकाचं यंत्र

मागच्या दिवाळीत मामेबहिणीने तिच्या सिडकोतल्या घरी माझ्यापुढे एक माहितीपत्रक ठेवलं. तिचा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न, अजून मोजकेच शब्द बोलणारा. पत्रकावर हसरा मुलगा, त्याच्या डोक्याला टेकवलेलं इंग्रजी आठच्या आकाराचं कॉइल आणि तीस सत्रांचं पॅकेज. "तू इंजिनिअर आहेस ना रे? मग सांग, हे यंत्र खरं आहे का? आम्ही वाळूजचा प्लॉट काढायचं म्हणतोय."

मी कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. तिला म्हटलं, "ताई, आठ दिवस दे." त्या आठ दिवसांत जे वाचलं ते इथे मांडतोय.

यंत्र खरं आहे. त्याचं मूळ १८३१ मध्ये आहे. बदलतं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या वाहकात वीज निर्माण करतं, हे मायकेल फॅरेडेने त्या वर्षी दाखवलं. मेंदूही वाहकच. १८९६ मध्ये पॅरिसमध्ये दार्सोन्व्हालने आणि १९१० मध्ये लंडनमध्ये सिल्व्हेनस थॉम्पसनने मोठ्या कॉइलमध्ये माणसाचं डोकं ठेवून पाहिलं. माणसांना डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकताना दिसला. पुढची सत्तरेक वर्षं गाडी तिथेच अडली.

१९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी लंडनमध्ये कवटीवरून थेट वीज देऊन हाताचे स्नायू हलवले, पण ते फार दुखायचं. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्करने तेच काम चुंबकाने, जवळपास वेदनेशिवाय केलं. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला नाही. कॉइलमधून मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ हजारो अँपिअरची धारा सोडायची. एमआरआयच्या तोडीचं क्षेत्र क्षणभर तयार होतं आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलवरच्या पेशी चेतवतं. बार्करला मेंदूपासून स्नायूपर्यंतचा मार्ग तपासायचा होता. उपचाराची कल्पना नंतर रुजली. ठोके सेकंदाला एक दिले तर तो भाग साधारणपणे शांत होतो, वेगाने दिले तर उत्तेजित होतो, असं दिसलं. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी या यंत्राला परवानगी दिली, २०१८ मध्ये ओसीडीसाठी. स्वमग्नतेसाठी मात्र दिलेली नाही.

स्वमग्नतेचा इतिहास वेगळा आणि जास्त दुखरा आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनरने अकरा मुलांचं वर्णन केलं. पुढे ब्रूनो बेटलहाइमसारख्यांनी दोष आईच्या थंडपणावर टाकला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून ते खोडून काढलं. तो स्वतः अशा मुलाचा बाप होता. ताईला आजही नातेवाईक ऐकवतात, "तू नोकरी केलीस म्हणून असं झालं." ज्या आईला असं ऐकावं लागतं, तिला प्लॉट विकणं जड जात नाही.

या दोन गोष्टींची गाठ घालणाऱ्यांत मॅन्युएल कॅसानोव्हा हे एक नाव. स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत पेशींचे छोटे स्तंभ जास्त आणि अरुंद असतात, असं त्यांनी २००२ मध्ये मांडलं. त्यांना आवर घालणारी यंत्रणा कमी पडत असेल, तर संथ ठोक्यांनी ती सावरेल का, हा पुढचा तर्क. तर्क सुबक आहे, पण सुरुवातीचे अभ्यास लहान होते आणि अनेकांत खोट्या कॉइलशी तुलनाच नव्हती. मेलबर्नच्या पीटर एन्टिकॉट यांच्या गटाने २०१४ मध्ये ती केली, तीही फक्त २८ प्रौढांवर. थोडा फरक दिसला. त्यावरून सहा वर्षांच्या मुलाबद्दल काही सांगता येत नाही.

खोट्या कॉइलचा एवढा आग्रह का? ताईला मी सिक्रेटिनची गोष्ट सांगितली. १९९८ मध्ये अमेरिकेत बातमी पसरली की या पाचकरसाशी संबंधित हार्मोनच्या इंजेक्शनाने मुलं बोलू लागतात. १९९९ मध्ये साठ मुलांची चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. सुधारणा दोन्हीकडे सारखीच! मुलं वाढत असतात, आणि आशेने बघणाऱ्याला प्रत्येक नवा शब्द औषधाचा वाटतो. निकाल कळल्यावरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिन हवंच होतं.

हे ऐकून ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी पण तशीच."

मी म्हटलं, "मीही तसाच असतो, ताई."

तिला दोनच प्रश्न लिहून दिले. ही चाचणी आहे का, आणि असेल तर सीटीआरआयवर नोंद कुठे आहे? चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नसतात, असं आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. चाचणी नसेल, तर कशाच्या आधारावर पैसे घेताय? शिवाय या यंत्राने क्वचित झटका येऊ शकतो आणि स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचं प्रमाण मुळातच जास्त असतं. त्याची काय तयारी आहे? हे धरून तीन झाले.

तिने फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, रिझल्ट चांगले आहेत, तुम्ही या तर खरं." तिने फोन ठेवला.

प्लॉट अजून आहे. त्या पैशांचा विचार आता वाचा-उपचार आणि विशेष शिक्षकासाठी होतो. आपल्याच शहरात 'आरंभ' हे केंद्र अंबिका टाकळकर यांनी, स्वमग्न मुलाच्या आईने, उभं केलंय, हेही मी ताईला सांगितलं. उद्या मोठ्या चाचण्यांतून या यंत्राचा उपयोग सिद्ध झाला, तर तिला पहिला फोन मीच करेन. तोवर भाचा मला दाराशी पाहून "मामा" म्हणतो. हा शब्द गेल्या महिन्यात आला, कुठल्याही कॉइलशिवाय.