पोलॅरिस, पर्ट आणि माझा तक्ता

काही वर्षांपूर्वी घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन कनेक्टिकटमधल्या ग्रोटनला गेलो होतो. तिथे अमेरिकन नौदलाचं पाणबुडी संग्रहालय आहे. मंडळी नॉटिलस पाणबुडीत शिरली. मी मात्र बाहेर ठेवलेल्या एका उंच काळ्या धुडापाशी रेंगाळलो. ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पाणबुडीच्या पाठीवरचा तो मनोरा. पोलॅरिस क्षेपणास्त्रं घेऊन गस्तीला गेलेली ही पहिली पाणबुडी.

या पाणबुडीशी माझं जुनं भांडण आहे.

नोकरीच्या सुरुवातीला प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कोर्सला पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी पोलॅरिसची कथा. १९५८ साली नौदलाने ‘पर्ट’ नावाची पद्धत काढली. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे: सगळं सुरळीत झालं तर, बहुधा, आणि सगळं बिघडलं तर. मधल्याला चौपट वजन देऊन सहाने भागायचं, कामं बाणांनी जोडायची, सर्वांत लांब वाट शोधायची. म्हणे यामुळे दोन वर्षं वाचली! आम्ही वहीत उतरवून घेतलं.

तारखा जुळवून पाहायला मात्र मला फार उशीर सुचलं. घन इंधनाचं क्षेपणास्त्र करायचं हे १९५६ अखेरीसच ठरलं होतं. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला, वॉशिंग्टनमध्ये धावपळ झाली, आणि ग्रोटनलाच बांधकाम सुरू असलेली दुसरी एक पाणबुडी मधोमध कापून त्यात १३० फुटांचा क्षेपणास्त्रांचा भाग बसवायचं ठरलं. पल्ला १५०० सागरी मैलांचा हवा होता, पहिल्या आवृत्तीला १२०० वर भागवलं. म्हणजे वेळ वाचवणारे मोठे निर्णय पर्टचा पहिला तक्ता निघायच्या आधीचे! २० जुलै १९६० ला पाण्याखालून पहिलं पोलॅरिस सुटलं, त्याचं मोठं श्रेय या काटछाटीला आहे. मुबलक पैसा आणि अग्रक्रम होताच.

मग पर्टने काय केलं? हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने १९७२ च्या पुस्तकात याचं उत्तर दिलंय. त्याचा निष्कर्ष असा की आतले तांत्रिक लोक पर्टवर फारसे विसंबून नव्हतेच. तक्त्यांचा खरा उपयोग बाहेरच्यांसाठी होता. इतकं शास्त्रशुद्ध काम चाललेलं पाहून वरचे अधिकारी आणि तपासनीस ढवळाढवळ करेनासे झाले. प्रकल्पाचे प्रमुख अॅडमिरल रेबॉर्न यात भलतेच वाकबगार. (मला तर हे कौतुकास्पदच वाटतं. साहेबाला लांब ठेवणं हेही कामच आहे.) गंमत म्हणजे १९६२ पर्यंत संरक्षण खातं आणि नासा यांनी मिळून पर्टची मार्गदर्शिकाच काढली, आणि पडदा हाच नियम झाला.

गणितातही एक खोच आहे. लग्नाच्या मुहूर्ताला नवरदेव, भटजी आणि मामा तिघेही हजर लागतात. प्रत्येक जण वेळेवर येण्याची शक्यता निम्मी धरा. तिघेही वेळेवर असण्याची शक्यता किती? आठात एक. पर्ट सर्वांत लांब वाट तेवढी बघतं; शेजारच्या, जवळपास तेवढ्याच लांब वाटा एकत्र येतात तिथे हमखास उशीर होतो, हे सरासरीत दिसतच नाही.

हे मला ठाऊक नव्हतं. एका कंपनीत चार टीमचं काम एकाच दिवशी जोडायचं होतं. मी चौघांचे तीन-तीन अंदाज घेतले, सुरेख तक्ता केला, भिंतीवर लावला. साहेब खूश. तारीख मोठ्या ग्राहकाला कळवली गेली. सात महिने उशीर झाला. शेवटची टीम आपल्या दोन मुलांची, एच-वनवर आलेली. ‘उशीर यांच्यामुळे’ असं ठरलं आणि दोघांना गाशा गुंडाळून परत जावं लागलं. वास्तविक त्यांनी दिलेला ‘बिघडलं तर’चा आकडा जवळजवळ बरोबर होता. मीच त्याला सहाने भागून टाकलं होतं. बैठकीत मी हे बोललो नाही. तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणू शकतो, पण शंका आली होती.

त्यातल्या एकाला ग्रोटनहून परतल्यावर ईमेल लिहिली, सगळं हिशेबासकट. तो आता पुण्यात आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं: “सर, तो तक्ता तुमच्याकडे अजून आहे का? माझ्या टीमला दाखवायचाय.”

शोधला. सापडला नाही, म्हणून त्याला कागदावर पुन्हा काढून पाठवला.