ड्रेस्डेनची भिंत: एका रांगेत ३५ राजे, आणि रांगेत नसलेले

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात राजवाड्याच्या तबेल्याच्या अंगणाची एक लांबलचक बाहेरची भिंत आहे. तिच्यावर १०२ मीटर लांबीचं एक चित्र आहे, त्याचं नाव ‘फ्युर्स्टेनझुग’, म्हणजे राजांची मिरवणूक. माइसेनच्या कारखान्यातल्या सुमारे २३,००० पोर्सिलीन टाइल्स जोडून ते केलंय. जगातलं सगळ्यात मोठं पोर्सिलीन चित्र म्हणून पर्यटक ते बघतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. आपण जरा थांबू. कारण ‘हे साधन मला काय सांगतंय आणि काय सांगत नाहीये?’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यायला ही भिंत फार चांगली आहे.

आधी साधा हिशोब. एक टाइल साधारण साडेवीस सेंटीमीटर चौरस. २३,००० ने गुणलं की ९६६ चौरस मीटर येतात. त्याला १०२ ने भागलं तर उंची निघते साडेनऊ मीटरच्या आसपास, म्हणजे तीन मजली घराएवढी. वाचलेले आकडे एकमेकांशी जुळतात का, हे असं पाच मिनिटांत तपासता येतं. कुठलाही आकडा प्रबंधात उतरवून घेण्याआधी हे करावंच.

आता चित्राचं वय. इथे बरेच जण गोंधळतात. विल्हेल्म वाल्थर या चित्रकाराने हे चित्र १८७१ ते १८७६ या काळात केलं, पण टाइल्सवर नाही. ते होतं स्ग्राफिटो तंत्रात: वेगवेगळ्या रंगांच्या गिलाव्याचे थर द्यायचे आणि वरचा थर खरवडून आकृती काढायची. चुन्याचा गिलावा म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड आणि ओल मिळून त्याचं हळूहळू जिप्सम करतात. जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, फुगतं आणि पापुद्रे सुटतात. त्यात थंड देशात भेगांमधलं पाणी गोठून प्रसरण पावतं. उघड्यावरचं हे चित्र काही दशकांतच खराब झालं, आणि १९०४ ते १९०७ मध्ये तेच चित्र टाइल्सवर उतरवण्यात आलं. म्हणजे कल्पना १८७० च्या दशकातली आणि वस्तू १९०७ ची. ‘हे साधन कधीचं?’ या प्रश्नाला इथे दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही लिहावी लागतात.

१८७१ हे सालही नजरेआड करू नका. त्याच वर्षी प्रशियाच्या पुढाकाराने जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि सॅक्सनीचं राज्य त्यातलं एक घटकराज्य झालं. राजा होता, दरबार होता, पण मोठे निर्णय आता बर्लिनला होणार होते. अशा वेळी सॅक्सनीचं वेटिन घराणं आपल्या ८०० वर्षांच्या परंपरेची मिरवणूक राजधानीतल्या भिंतीवर काढतं. सत्ता हातातून निसटत असताना वंशावळ मोठ्या अक्षरांत लिहिली जाते, असा माझा अंदाज. पुरावा म्हणून नाही, तपासायचं गृहीतक म्हणून हे वाक्य वाचा.

आता रांग बघू. तिच्यात ३५ सत्ताधीश आहेत, काळ ११२७ ते १९०४. सुरुवात कॉनराडपासून होते. पण ८०० वर्षांचा उत्सव साजरा झाला १८८९ मध्ये, म्हणजे मोजणी होती १०८९ पासून. त्या वर्षी माइसेनचा प्रांत वेटिन घराण्याच्या ज्या हाइनरिशला मिळाला, तोच भिंतीवर नाही! कारण शोधलं की सापडतं: त्याची शाखा त्याच्या मुलाबरोबर ११२३ मध्ये संपली आणि पुढचे सगळे राजे चुलत शाखेतल्या कॉनराडचे वंशज. उत्सवाला जुनी तारीख हवी होती आणि चित्राला न तुटलेली ओळ. दोन्ही सोयीने घेतलं गेलं.

ओळ खरंच न तुटलेली होती का? १४८५ मध्ये अर्न्स्ट आणि आल्ब्रेश्ट या भावांनी राज्य वाटून घेतलं. पुढे १५४७ मध्ये म्यूलबर्गच्या लढाईत अर्न्स्टच्या शाखेतला योहान फ्रीडरिश सम्राटाचा कैदी झाला आणि त्याचं इलेक्टरपद, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेलं पद, मिळालं दुसऱ्या शाखेतल्या मॉरिट्सला. तो सम्राटाच्या बाजूने लढला होता. भिंतीवर मात्र हरलेला आणि जिंकलेला एकाच मिरवणुकीत घोड्यावर आहेत. भाऊबंदकी गेली आणि उरला तो क्रम.

तरी चित्र सगळंच झाकतं असं नाही. खाली नावं लिहिली आहेत, आणि त्यात ‘अधःपतित’ अशी पदवी चिकटलेला आल्ब्रेश्टही आहे. स्वतःच्या मुलांशी लढलेला हा बाप. ऑगस्ट द स्ट्राँगच्या घोड्याच्या टापेखाली एक गुलाब आहे. तो ल्यूथरच्या चिन्हातला गुलाब, असा त्याचा अर्थ लावतात, कारण पोलंडच्या मुकुटासाठी हा राजा १६९७ मध्ये कॅथलिक झाला. याच ऑगस्टने सोनं करून देईल म्हणून ब्योटगर नावाच्या किमयागाराला कैदेत ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही, पण त्या प्रयोगांतून पोर्सिलीन निघालं आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला. आज तो राजा त्याच कारखान्याच्या टाइल्सवर घोडा दौडवतोय.

राजांखेरीज मिरवणुकीत ५९ जण आहेत: शास्त्रज्ञ, कलावंत, कारागीर, शेतकरी, मुलं. शेवटी चित्रकार वाल्थर स्वतः. पण ८०० वर्षांच्या या घराण्यात एकही राणी नाही. वंशावळ आहे आणि आया नाहीत.

१३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्बहल्ला झाला, शहराचा मध्यभाग जळाला. भिंत टिकली. १९७८-७९ च्या दुरुस्तीत सुमारे २०० टाइल्स बदलाव्या लागल्या, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. ‘१३८० अंशांवर भाजलेलं पोर्सिलीन आगीला काय भिणार!’ हे स्पष्टीकरण ऐकायला छान वाटतं. पण टाइल टिकायची तर मागची भिंतही उभी राहायला हवी. अगदी जवळचं फ्राउएनकिर्श हे चर्च आगीनंतर १५ तारखेला कोसळलं. पदार्थाचे गुणधर्म हे कारणाचा एक भाग झाले. बांधणी, आगीची दिशा आणि नशीब हे बाकीचे.

रांगेतला शेवटचा राजा गेऑर्ग, मृत्यू १९०४. त्याच्यानंतरच्या फ्रीडरिश आउगुस्टने नोव्हेंबर १९१८ मध्ये गादी सोडली. तो भिंतीवर नाही. टाइल्स त्याच्याच कारकिर्दीत बसल्या, पण चित्रात जागा उरली नव्हती की ठेवलीच नव्हती? संशोधनाचा विषय शोधताय ना? असे प्रश्न लिहून ठेवा. एखादं साधन हातात आलं की त्यात कोण आहे याची यादी सगळेच करतात. तुम्ही शेजारी दुसरी यादी करा, कोण असायला हवं होतं याची.