लग्नाची सीडी दोन भागांत का?

नव्वदच्या दशकाअखेरीस किंवा त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत ज्या घरात लग्न झालं, तिथल्या कपाटात मार्करने 'भाग १', 'भाग २' लिहिलेल्या सीडी अजून सापडतात. पहिली सीडी कुठेही संपते. कधी कन्यादानात, कधी चक्क मंगलाष्टकांच्या मध्ये. शूटिंगवाल्याला विधी कळत नव्हते असं नाही. सीडी भरली, म्हणून त्याने तिथे थांबवलं.

कॅसेटच्या काळात हा प्रश्न नव्हता. जेव्हीसीने १९७६ साली बाजारात आणलेल्या व्हीएचएस कॅसेटमध्ये 'फाइल' नावाची वस्तूच नव्हती. फीत संपेपर्यंत चित्र उमटत राही आणि आपल्याकडच्या ई-१८० कॅसेटवर तीन तास मावत. सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत सारं एका डबीत बसे.

व्हिडिओ सीडी १९९३ साली आली आणि मोजमाप बदललं. तिची लांबी गाण्यांच्या सीडीवरून ठरलेली होती : ७४ मिनिटं, पुढे ८०. एवढं चित्र बसवण्यासाठी एक युक्ती केली होती. संगणकाच्या सीडीवर दर सेक्टरमध्ये चुका दुरुस्त करण्यासाठी जी जादा माहिती ठेवतात, तिच्यातली बरीचशी इथे गाळली. त्यामुळे २०४८ऐवजी २३२४ बाइट चित्रासाठी मिळाले. म्हणूनच ७०० एमबी लिहिलेल्या सीडीवर जवळपास ८०० एमबीचं लग्न बसे. किंमत मोजावी लागे ती ओरखडा पडल्यावर. तरीही तीन तासांच्या कॅसेटच्या तीन सीडी व्हायच्याच.

खरी अडचण सीडी राइट करण्याआधीच, संगणकात सुरू होई. १९९५ साली डीव्ही कॅसेट आली. फायरवायर केबलने कॅमेरा जोडायचा आणि कॅसेट चालू करून बसायचं. तासाच्या कॅसेटला कॅप्चरही तासभर. या तासाला सुमारे १३ जीबी जागा लागे. पण त्यासाठी वापरली जाणारी एव्हीआय फाइल मायक्रोसॉफ्टने १९९२ साली काढलेली होती आणि तिची बहुतेक सॉफ्टवेअरं २ जीबीपाशी अडत. कारण साध्या हिशेबाचं आहे. आकडा ३२ बिटांत लिहायचा आणि त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी राखायचा, की मोठ्यात मोठा आकडा उरतो २,१४,७४,८३,६४७. चिन्हाचा तो बिट इथे वायाच जात होता, कारण उणे दोन जीबीची फाइल कुणाकडेच नसते! डीव्हीच्या भाषेत ही मर्यादा म्हणजे जेमतेम साडेनऊ मिनिटं.

मॅट्रॉक्स कंपनीच्या पुढाकाराने १९९६ साली एव्हीआयचा विस्तार झाला आणि फाइलपुरता हा अडथळा सुटला. पण त्याच वर्षी विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीसोबत फॅट३२ ही डिस्कची मांडणी आली होती. तिच्यात फाइलचा आकार लिहायला चारच बाइट, म्हणजे कमाल ४,२९,४९,६७,२९५. थोडक्यात, साडेनऊ मिनिटांची एकोणीस झाली. चांगलं सॉफ्टवेअर अशा वेळी गुपचूप पुढची फाइल उघडे. साधं असेल तर कॅप्चर थांबे आणि कॅसेट मागे घेऊन पुन्हा बसावं लागे. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि मोठ्या फाइली पेलणारी एनटीएफएस ही मांडणी घरच्या संगणकांवर रुळू लागली, तेव्हा कुठे हा जाच कमी झाला.

डीव्हीडीची गंमत निराळी. तिच्यावरचे ४.७ जीबी दशमान पद्धतीचे, विंडोजच्या मापाने ४.३७. साडेचार जीबीचं फोल्डर 'बसेल की' म्हणून राइट करायला घेतलं, की शेवटी नकार. आत चित्राच्या फाइलींना प्रत्येकी सुमारे एक जीबीची मर्यादा आहे, म्हणून व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये व्हीओबी फाइलींची रांग दिसते. शेजारचं ऑडिओ_टीएस फोल्डर रिकामं पाहून 'आवाज आलाच नाही' असं वाटणं स्वाभाविक आहे. वास्तविक ते डीव्हीडी-ऑडिओ या वेगळ्या प्रकारासाठी राखलेलं असतं. लग्नातला आवाज चित्रासोबतच असतो.

एका डीव्हीडीवर तासाभराचं चित्र झकास बसतं, दोन तासांचं बरं. तीन तास कोंबले, की अक्षता उधळल्या जाताच पडद्यावर चौकोन उमटतात. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने उडतो आणि तेवढा तपशील टिपायला बिट शिल्लक नसतात.

डीव्हीडी मागे पडली आणि पेन ड्राइव्ह आले, पण त्यांतले कित्येक फॅट३२चेच! अनेक टीव्हींना तेवढीच मांडणी वाचता येई, म्हणून शूटिंगवाले फाइली तोडूनच देत राहिले. कॅनन ५डी मार्क टू हा २००८चा कॅमेरासुद्धा चार जीबीला, म्हणजे सुमारे बारा मिनिटांनी, रेकॉर्डिंग थांबवी. हा अडथळा नसलेली, मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणलेली एक्सफॅट ही मांडणी सर्वत्र पोचायला बरीच वर्षं गेली.

फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं. चालू स्थितीतलं यंत्र आता शोधावं लागतं. तेव्हा घरात व्हीएचएस कॅसेट असेल, तर ती वेळीच संगणकात उतरवून घ्या. जुनी डीव्हीडी असेल, तर एखादी व्हीओबी न उचलता अख्खं व्हिडिओ_टीएस फोल्डर कॉपी करून घ्या. आणि 'सीडी आहे ना आता' म्हणून मूळ डीव्ही कॅसेट टाकू नका. तिच्यात तासाला १३ जीबी माहिती आहे. व्हिडिओ सीडीवर उतरली ती त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढीच.