घरी सोडलं म्हणजे सोडून दिलं का?

गेल्या पावसाळ्यात मी एक बातमी लिहून ठेवली होती. मथळा तयार होता: "फुप्फुसात रक्ताची गुठळी, तरी रुग्णाला घरी हाकललं!" रुग्ण म्हणजे माझी सख्खी ताई. ती बातमी मी छापली नाही, त्याची ही गोष्ट. पोस्ट जरा मोठी आहे, सवडीने वाचा.

अंगणात पाय घसरून ताईचा घोटा मोडला, प्लास्टर झालं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी श्वास घेताना छातीत कळ यायला लागली, दम लागला. जिल्ह्याच्या गावी नेलं, सीटी स्कॅन झाला. पायात तयार झालेली गुठळी सुटून फुप्फुसाच्या एका बारीक रक्तवाहिनीत अडकली होती. डॉक्टरी भाषेत पल्मनरी एम्बोलिझम. आणि दुसऱ्याच दिवशी गोळ्या देऊन घरी!

दाजी भडकले. "एवढं सिरियस आणि घरी? बड्या माणसाला सोडलं असतं का असं?" मीही पत्रकाराच्या आवाजात डॉक्टरांना फोन लावला. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सोडण्याआधी त्यांना काय काय विचारलं, ते त्यांनाच विचारा."

ताई हसत म्हणाली, "अरे, घरात कोण असतं, फोन आहे का, दवाखाना किती लांब, औषधं कोण आणणार... इतकं विचारलं की वाटलं सोयरीक जुळवतायत." तिथे मी थांबलो आणि वाचायला बसलो.

पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते, हे १८४० च्या दशकात बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी दाखवलं. एम्बोलस हा शब्दही त्यांनीच रूढ केला. कारण कळलं, पण हातात औषध नव्हतं.

पहिलं औषध अपघाताने सापडलं. १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅकलीन हा विद्यार्थी रक्त गोठवणारे पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून त्याला मिळाला उलट पदार्थ, रक्त गोठू न देणारा. पुढे त्याला हेपरिन हे नाव मिळालं. ग्रीक भाषेत यकृताला हेपार म्हणतात, त्यावरून.

दुसरं औषध आलं गोठ्यातून. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत गुरं अंतर्गत रक्तस्राव होऊन मरायला लागली. कारण निघालं, बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळात गाडी हाकत मॅडिसनला पोचला. सोबत मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढे त्या चाऱ्यातला पदार्थ वेगळा केला. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना द्यायला परवानगी मिळाली.

पण या औषधांनी माणूस खरंच वाचतो का? उत्तर मिळालं १९६० साली, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये. बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी फुप्फुसात गुठळी गेलेल्या ३५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. १६ जणांना औषध, १९ जणांना नाही. औषध न मिळालेल्या १९ पैकी ५ जण गुठळीने गेले, आणखी ५ जणांना पुन्हा गुठळी झाली. औषध मिळालेल्यांपैकी गुठळीने एकही दगावला नाही. हे दिसल्यावर औषध न देण्याचं त्यांनी थांबवलं. त्यांनी वापरलेली गोळी म्हणजे अ‍ॅसिनोकुमारॉल. आपल्याकडे हृदयाच्या झडपा बदललेल्या कित्येकांच्या डब्यात ती आजही असते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ते १९ जण दवाखान्यातच होते. खाट होती, नर्स होती. नव्हतं ते फक्त औषध.

मग पुढची तीसेक वर्षं रुग्णाला आठवडाभर खाटेवर का ठेवलं? कारण हेपरिन सलाइनमधून द्यायचं, वारंवार रक्त तपासून त्याचं प्रमाण कमी-जास्त करायचं. वॉरफरिनच्या गोळीला चढायला काही दिवस लागतात, तोवर हे चालूच. म्हणजे बऱ्याच सौम्य रुग्णांना खाटेला बांधलं होतं ते आजारापेक्षा औषधाने.

नंतर हेपरिनचा नवा प्रकार आला. वजनानुसार कातडीखाली इंजेक्शन, रोजची रक्ततपासणी नको. १९९६ मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, एक कॅनडातला आणि एक मुख्यतः युरोपातला. पायातल्या गुठळीचा उपचार घरी करता येतो हे त्यांनी दाखवलं. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र भीती कायम होती, आणि ती रास्तही होती. यात काही रुग्ण तासाभरात जातात.

म्हणून डॉक्टरांनी प्रश्न बदलला. "घरी पाठवायचं का?" याऐवजी "कोणाला पाठवायचं?" २००५ मध्ये गुणांची एक यादी तयार झाली: वय, कॅन्सर, नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, ऑक्सिजन वगैरे. २०११ साली स्वित्झर्लंड, फ्रान्स, बेल्जियम आणि अमेरिकेतल्या १९ दवाखान्यांनी या यादीनुसार कमी धोक्याचे ३४४ रुग्ण निवडले. निम्मे घरी, निम्मे दवाखान्यात. तीन महिन्यांत घरच्या १७१ पैकी एकालाच पुन्हा गुठळी झाली. मृत्यू दोन्हीकडे एकेक. घरच्या गटात मोठा रक्तस्राव तिघांना झाला, दवाखान्यातल्या गटात कोणालाच नाही, हेही सांगायला हवं. औषध दुधारी आहे.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अकरा प्रश्नांची यादी वापरून २९७ जणांना घरी पाठवलं. तीन महिन्यांत गुठळीने एकही गेला नाही. त्या यादीत रक्तदाब, रक्तस्राव, मूत्रपिंड, गरोदरपण हे सगळं आहेच. शिवाय आणखी एक प्रश्न आहे: दवाखान्यात ठेवण्याला काही सामाजिक कारण आहे का? म्हणजे घरी बघणारं कोणी आहे ना? यादीचं नाव हेस्टिया, ग्रीकांची चुलीची देवता.

ताईला विचारलेली "सोयरीक" ती हीच. अकरापैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं तर रुग्णाला ठेवून घ्यायचं.

आता दुसरी गोष्ट. आमच्याच तालुक्यातला एक मंडप डेकोरेशनवाला. आजार तोच. पैसे संपले म्हणून घरच्यांनी "स्वतःच्या जबाबदारीवर" या कागदावर सही केली आणि त्याला घरी आणलं. नाडी-ऑक्सिजन बघून ठरवलं नव्हतं, खिसा बघून ठरलं होतं. गोळ्यांची पट्टी संपली, बरं वाटत होतं, पुढची आणली नाही. या गोळ्या निदान तीन महिने घ्याव्या लागतात, हे त्याला कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. सतराव्या दिवशी तो पुन्हा अ‍ॅम्ब्युलन्समध्ये होता. वाचला, पण शेत गहाण पडलं.

कागदावर दोघांच्या नावापुढे एकच शब्द: घरी सोडलं. ताईची खाट गेली, औषध आणि लक्ष सोबत आलं. त्याचं तिन्ही गेलं. ब्रिस्टलचे ते १९ जण आणि तो यांच्यात फरक उरला एवढाच, की त्याला खाटही नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गुठळीवरच्या नव्या गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. आपल्या राष्ट्रीय यादीत २०२२ मध्ये डॅबिगॅट्रान आली. यादीत आली म्हणजे तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर मिळेलच असं नाही. खरी बातमी तिथे आहे, आणि मी मात्र चुकीच्या डॉक्टरवर लिहायला बसलो होतो.

तुमच्या घरी कोणाला असं सोडलं तर भांडू नका, विचारा. आमचा पेशंट कमी धोक्याचा कशावरून? गोळ्या किती दिवस, संपल्यावर कुठे मिळणार? पुन्हा कधी दाखवायचं? दम वाढला, चक्कर आली, काळी शी झाली किंवा कुठूनही रक्त आलं तर रात्री फोन कोणाला? उत्तरं मिळाली तर निर्धास्त घरी न्या. नाही मिळाली तर खाट सोडू नका.

ताई ठणठणीत आहे. गोळीची वेळ दाजींनी मोबाइलवर लावली होती, आणि गजर झाला की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा.