करडईचं तेल खाल्ल्यानं फॅटी लिव्हर बरं होतं का?

लाकडी घाण्याचं करडई तेल खा, लिव्हर साफ होईल, असे मेसेज तुम्हीही वाचले असतील. परभणीकरांना करडई नवी नाही. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं करडईचे 'परभणी कुसुम', 'पूर्णा' असे वाण दिले आहेत. पण या तेलानं लिव्हरला खरंच फायदा होतो का?

करडई तेलात काय असतं?

नेहमीच्या करडई तेलात सुमारे ७० टक्के किंवा त्याहून जास्त लिनोलिक आम्ल असतं. हा असंपृक्त मेद आहे. पाम तेलात मात्र जवळपास निम्मा मेद संपृक्त असतो.

संशोधन काय सांगतं?

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३९ तरुणांना ७ आठवडे रोजच्या जेवणाशिवाय जास्तीचे मफिन खायला दिले. काहींचे मफिन पाम तेलाचे होते, तर काहींचे सूर्यफूल तेलाचे. वजन दोन्ही गटांचं सारखंच वाढलं, पण लिव्हरमधली चरबी पाम तेलाच्या गटात बरीच जास्त वाढली. करडईप्रमाणे या सूर्यफूल तेलातही लिनोलिक आम्ल भरपूर असतं.

म्हणजे फायदा आहे, पण तो तेल बदलण्यात आहे. वनस्पती तूप किंवा पाम तेलाच्या जागी करडई वापरली तर उपयोग होऊ शकतो. आहे त्या जेवणात करडईचे दोन चमचे वरून घातले, तर फक्त कॅलरी वाढतात. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, मग ते घाण्याचं असो की रिफाइंड.

दारू पिणाऱ्यांचं काय?

इथे तर गणित उलटंही होऊ शकतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दारूसोबत लिनोलिक आम्लानं भरलेलं मक्याचं तेल दिल्यावर लिव्हरची इजा वाढलेली दिसली. माणसांबाबत यावरून थेट निष्कर्ष काढता येत नाही. पण 'हे तेल खातो, मग थोडी घेतली तर चालते' या समजाला काहीच आधार नाही.

मग किती तेल खायचं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. या हिशोबानं चौघांच्या घरात १५ किलोचा डबा साधारण साडेचार महिने पुरायला हवा. तुमच्या घरी तो किती दिवसांत संपतो?

तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. करडईसारखी तेलं उष्णतेनं लवकर खराब होतात.

फॅटी लिव्हरची सुरुवातीला बहुतेकदा काहीच लक्षणं नसतात. मधुमेह असेल किंवा पोटाचा घेर वाढला असेल, तर डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्या. फॅटी लिव्हर निघालं, तर वजन कमी करणं, चालणं, गोड पेयं आणि दारू सोडणं हे मुख्य उपाय आहेत. तेलाचा नंबर त्यानंतर लागतो. तेल बदललं म्हणून डॉक्टरांची औषधं बंद करू नका.