कापडी टपाची पिकअप

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना अधूनमधून एक गाडी अशी दिसते की पान उलटवत नाही. पुढे पिकअपचं चौकोनी तोंड, मागे साडेसहा फुटांचा लोखंडी हौदा आणि मधल्या केबिनवर पत्र्याच्या जागी काळा कापडी टप. ही डॉज डाकोटा कन्व्हर्टिबल. १९८९ ला २,८४२ निघाल्या, १९९० ला ९०९ आणि १९९१ ला फक्त आठ. इतकी दुर्मीळ गाडी, पण चालू स्थितीतलीही बऱ्याचदा काही हजार डॉलरांत मिळते. दुर्मीळ आणि स्वस्त ही दोन्ही विशेषणं एकाच वस्तूला लागली की घेणाऱ्याने आधी तिचं कूळ विचारावं. या गाडीच्या बाबतीत तर घ्यावी की नाही याचं उत्तर कुळातच आहे.

मूळ पुरुष शोधायला फोर्डच्या मॉडेल टी पर्यंत मागे जावं लागतं. मोटार घेतलेला शेतकरी तिच्या मागच्या भागावर लाकडी खोकं ठोकून दूध, कोंबड्या, बटाटे न्यायचा. ओहायोतल्या गॅलियन ऑलस्टील बॉडी कंपनीसारख्या कारखान्यांनी १९१३ च्या सुमारास असे हौदे तयार करून विकायला सुरुवात केली. लोक आपल्या गाडीला दुसऱ्याचा हौदा जोडतात, तर तो आपणच का विकू नये, हे फोर्डने १९२५ साली मनावर घेतलं. त्या एप्रिलमध्ये ‘पिकअप बॉडी’ची मॉडेल टी रनअबाउट बाजारात आली. किंमत २८१ डॉलर. हौदा ५६ इंच लांब, सुमारे ४० इंच रुंद, १३ इंच खोल. मागे उघडणारा फाळका आणि ओझं पेलायला मागचे पाटे जाड. पहिल्याच वर्षी ३३,७९५ गाड्या खपल्या.

कारखान्यातून तयार होऊन आलेली फोर्डची ही पहिली पिकअप उघडीच होती. डोक्यावर दुमडता येणारा कापडी टप आणि पाऊस आलाच तर बाजूंना लावायचे पडदे, एवढाच आडोसा. बंद केबिन करायची तर लाकडी सांगाडा, काचा, दारं, वर छप्पर. म्हणजे सुतार, लोहार आणि काचवाला या तिघांचं काम. ते वगळलं की गाडी स्वस्त. त्या काळी उघडी गाडी गरिबाची आणि बंद गाडी पैसेवाल्याची. आज उघड्या गाडीकडे आपण ज्या नजरेने बघतो, ती नजर तेव्हा जन्मालाच आली नव्हती.

हे समीकरण फिरायला फार वर्षं लागली नाहीत. हडसन कंपनीने १९२२ ला एसेक्स ही साधी, काटकोनी, बंद ‘कोच’ कमी भावात आणली आणि १९२५ पर्यंत ती त्याच एसेक्सच्या उघड्या गाडीपेक्षाही किंचित स्वस्त झाली. पिकअपमध्ये हा बदल थोडा उशिरा आला. १९२८ च्या मॉडेल ए ची पिकअप आधी उघडी आली, बंद केबिनची त्याच वर्षी पुढे. दोन्ही शेजारी शेजारी विकायला ठेवल्यावर गिऱ्हाईक कुठे वळलं, हे सांगायला नको.

या वळणावरची ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट मला फार आवडते. गिप्सलँडच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं. रविवारी न भिजता चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी बनवा, असं तिचं म्हणणं. जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँड्ट या विशीतल्या तरुण ड्राफ्ट्समनने ते मनावर घेतलं. पुढे मोटारीसारखी बंद केबिन, मागे तिलाच सलग जोडलेला हौदा. १९३४ साली ‘यूट’ जन्माला आली. उघड्या हौदेवाल्या गाड्या तिथे आधीही होत्याच. त्या बाईंची मागणी खरं तर छपराची होती. कारखान्यातल्या पुरुषांना छप्पर हा खर्च वाटत होता आणि रविवारचं लुगडं सांभाळणाऱ्या बाईला ती गरज दिसत होती. बाजार तिच्या बाजूने गेला.

तोवर छपराचं तंत्रही बदललं. एवढा रुंद पत्रा दाबून आकार देता येत नव्हता म्हणून बंद मोटारीच्या छपराचा मधला भागही बरीच वर्षं कापडीच असे. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांवर अखंड पोलादी छप्पर आणलं आणि ती अडचणही संपली. फोर्डची उघडी पिकअप १९३० च्या दशकाच्या मध्यावर बंद झाली. ती गेल्याचं कुणी दुःख केलं नाही.

त्यानंतरची उघडी पिकअप थेट १९८९ चीच, असं बऱ्याचदा छापून येतं. ते मला पूर्ण पटत नाही. इंटरनॅशनल स्काउट १९६० पासून होती, १९६६ ची पहिली फोर्ड ब्रॉन्को होती, १९८१ पासून जीप स्क्रॅम्बलर होती. या साऱ्यांचं छप्पर काढता यायचं आणि मागे छोटा हौदाही मिळायचा. स्क्रॅम्बलर तर आपल्या ओळखीच्या घरातली. महिंद्राने १९४९ पासून मुंबईत जोडलेल्या जीप त्याच विलीज घराण्याच्या. पण फरक आहे, तोही सांगायला हवा. या गाड्यांचं टणक छप्पर काढलं की घरीच ठेवावं लागे. टप गाडीवरच दुमडलेला असावा, आभाळ भरून आलं की दोन मिनिटांत वर ओढावा आणि काचा वर चढाव्यात, ही सोय मात्र डाकोटानेच पिकअपमध्ये परत आणली.

ती आली कशी, याची नाळ मोटारींच्या बाजूला आहे. १९७६ ला कॅडिलॅक एल्डोराडो ही अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल म्हणून वाजतगाजत विकली गेली. सहा वर्षांत क्रायस्लरच्या ली आयकोका यांनी लीबॅरन आणून तो निरोप खोटा ठरवला. पण कारखाने कन्व्हर्टिबलची स्वतंत्र साखळी चालवण्याइतक्या गाड्या विकत नव्हते. मग तयार गाडी बाहेरच्या कारागिरांकडे पाठवून तिचं छप्पर कापून घ्यायची रीत पडली. त्यात एक मोठं नाव अमेरिकन सनरूफ कंपनी, म्हणजेच एएससी. जर्मनीतून शिकायला आलेल्या हाइन्झ प्रेख्टर यांनी १९६५ साली ती सुरू केली. ब्युइक रिव्हिएरा, टोयोटा सेलिका अशा गाड्यांच्या उघड्या आवृत्त्या तिच्याच हातच्या. क्रायस्लरच्याच डॉजने १९८७ ला आणलेली डाकोटा छोट्या आणि मोठ्या पिकअपच्या मधल्या मापाची. तिच्याकडे गिऱ्हाइकाचं लक्ष वळवायला १९८९ ला दोन अचाट प्रयोग झाले. वेगवान गाड्यांसाठी नावाजलेले कॅरल शेल्बी यांनी ५.२ लिटरचं व्ही-८ घालून १,५०० डाकोटा काढल्या आणि एएससीने दुसऱ्या डाकोटांचं छप्पर उतरवलं.

हे कापणं पिकअपमध्ये तुलनेनं सोपं पडतं. आजच्या बहुतेक मोटारींमध्ये छप्परसुद्धा भार उचलतं; ते कापलं तर खालून मजबुती द्यावी लागते. डाकोटाचा भार मात्र खालच्या शिडीसारख्या चॅसीवर. वरची केबिन कापली तरी गाडी मोडून पडत नाही. तरीही कापलेली केबिन खड्ड्यात थोडी पिळते. तिला आधार म्हणून आणि उलटली तर माणसं वाचावीत म्हणून सीटमागे जाड नळीची कमान बसवली. टप हातानंच चढवायचा, मागची खिडकी मऊ प्लास्टिकची.

म्हणजे साठ-पासष्ट वर्षांत गणित पुरतं उलटं झालं. १९२५ ला छप्पर न लावून पैसे वाचवले. १९८९ ला लावलेलं छप्पर पैसे देऊन काढवलं. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली याचं मला नवल वाटत नाही. तीन माणसं दाटीने बसतील अशी एकच सीट, ३.९ लिटरच्या व्ही-६ ची १२५ अश्वशक्ती आणि शेल्बीला मिळालेलं व्ही-८ हिला कधीच नाही. रूप मौजेचं, अंगात जोर कामापुरता. ती दुर्मीळ झाली ती नको झाली म्हणून. स्वस्त राहिली तीही बरीचशी त्याच कारणाने.

घेणाऱ्याने या कुळातून एक गोष्ट उचलावी. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, पाटे, दिवे हे सारं साध्या डाकोटाचं. साध्या डाकोटा लाखांनी खपल्या. ते व्ही-६ ही क्रायस्लरच्या ३१८ व्ही-८ मधून दोन सिलिंडर कमी करून केलेलं. बिघडलं तर दुरुस्त होईल. जे एएससीने बसवलं, ते मात्र या सुमारे पावणेचार हजार गाड्यांपुरतंच: टपाच्या कमानी, समोरच्या काचेवरची कडी, दाराच्या काचेला वरून मिटवणारी रबरं. म्हणून तपासणी वरून सुरू करावी. टप स्वतः दोनदा उतरवून चढवून बघावा. कापड फाटलं असेल तर चांगला टपवाला नवं शिवून देईल, त्याची भीती नाही. कमान वाकलेली, कडी तुटलेली किंवा हरवलेली असेल तर तो भाग कुठून आणणार, हे विकणाऱ्यालाच विचारावं.

मग दारं. ती अलगद मिटतात का, वरच्या आणि खालच्या फटी सारख्या आहेत का? गालिचा उचलून खालचा पत्रा हातानं चाचपावा, कारण वरून झिरपलेलं पाणी तिथेच साचतं. शेवटी गाडी वर उचलून चॅसी पाहावी. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे वाढलेली डाकोटा वरून चकचकीत आणि खालून भुसा झालेली असू शकते. या गाडीचा सगळा आधार खालीच असल्याने तिथला गंज म्हणजे सौदा संपला.

पुढे भाव वाढेल म्हणून घेणाऱ्याला मी नाहीच म्हणेन. शेवरलेने २००३ ला एसएसआर काढली, पोलादी छप्पर बटणावर दुमडणारी, डाकोटाच्या तुलनेत कितीतरी सफाईची. तीही २००६ ला थांबली. उघड्या पिकअपला मोठा बाजार तेव्हाही नव्हता. आज जीप ग्लॅडिएटर बरी खपते, पण ती त्या जुन्या विलीज घराण्यातली. ज्याला उन्हाळ्याच्या संध्याकाळी टप उतरवून हौद्यात सायकल टाकून तळ्याकाठी जायचं आहे, ज्याच्याकडे छपराखाली उभी करायला जागा आहे आणि रबरं शोधण्याचा सोस आहे, त्याने चॅसी आणि कमानी शाबूत असलेली गाडी जरूर घ्यावी. रंग आणि सीटचा विचार करू नये, मीटरवरच्या आकड्याचाही फार नाही. एएससीचे सुटे भाग भरलेलं खोकं विकणारा सोबत देत असेल, तर भावासाठी ताणू नये. त्या खोक्याचे पैसे आधी मोजावेत, गाडीचे मग.